नोकरीच्या अर्जासोबतचे कागद: कोणता कुठे लागतो?

म्हादईकाठी

माझी पुतणी यंदा बी.कॉम. झाली असून तिचा धाकटा भाऊ हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम पूर्ण करून क्रूझ जहाजावर जायचे म्हणतो. पुतणीला दोन ठिकाणी अर्ज करायचे आहेत. पहिला गोव्याच्या कर्मचारी निवड आयोगामार्फत निघणाऱ्या एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या, पदांसाठी, आणि दुसरा वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या लेखा विभागात. आम्ही राहतो सत्तरी तालुक्यात. घरातली सगळी प्रमाणपत्रे एकाच फाइलमध्ये आहेत आणि आजवर आमची समजूत अशी होती, की त्या फाइलची झेरॉक्स काढून सगळीकडे दिली म्हणजे काम झाले. आता एक जण म्हणतो की १५ वर्षांचा रहिवासी दाखला आधी काढा, दुसरा म्हणतो की कंपनीला त्याची गरजच नाही, तिसरा सांगतो की बायोडाटा नको, रेझ्युमे हवा. शिवाय पुतणीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे आडनाव आजोबांच्या काळच्या पोर्तुगीज वळणाने लिहिलेले आहे, म्हणजे ‘नाईक’च्या शेवटी एकटे ‘के’ नसून ‘क्यू-यू-ई’ आहे, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर मात्र साधे ‘के’ आहे. हे कितपत आड येईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कचेरीकर

महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून सरकारी बाजूचे तेवढे सांगतो.

गोवा सरकारच्या कोणत्याही पदाची जाहिरात घ्या. ‘१५ वर्षांचा रहिवासी दाखला’ ही अट तुम्हाला तिच्यात दिसेल. तो दाखला तालुक्याच्या मामलेदारांकडून मिळतो आणि त्यासाठीचा अर्ज ‘गोवा ऑनलाईन’ या संकेतस्थळावरूनही करता येतो. अर्जदाराचे गोव्यातले वास्तव्य सलग आहे का, एवढेच हा दाखला सांगतो. नागरिकत्व, जात किंवा घराची मालकी यांपैकी कशाचाही तो पुरावा नव्हे. वास्तव्य सिद्ध करण्यासाठी शाळेचे कागद सर्वांत उपयोगी पडतात, कारण पहिलीपासून पदवीपर्यंतची वर्षे एकाला एक जोडून दाखवणारा दुसरा कागद सामान्य माणसाकडे सहसा नसतो. शिधापत्रिका, पालकांचे मतदार ओळखपत्र आणि घरपट्टीची पावती यांचाही आधार होतो. चौकशीसाठी तलाठ्याकडे कागद फिरतात आणि त्यात दिवस मोडतात. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची कचेरीत जी रांग लागते ती मी अनेक वर्षे पाहिली आहे. म्हणून हा दाखला आजच काढायला घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा कागद म्हणजे रोजगार विनिमय केंद्राचे नोंदणीपत्र. पुष्कळ जण दहावीनंतर ते काढतात आणि विसरून जातात. जाहिरातीत ‘वैध’ हा शब्द असतो, त्यामुळे मुदत संपलेले कार्ड जोडून उपयोग होत नाही. पुतणीने दहावीनंतर नाव नोंदवले असेल, तर बारावीची आणि पदवीची पात्रताही त्यात चढवून घ्यावी, नाहीतर कार्डावर ती अजून दहावी पासच दिसत राहील.

ओबीसींच्या राखीव जागेवर अर्ज करायचा असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्रही लागते. जातीचा दाखला एकदा निघाला की निघाला; नॉन-क्रीमी लेयरचे तसे नाही, ते उत्पन्नाशी बांधलेले असल्यामुळे त्याला मुदत असते. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र तर त्या आर्थिक वर्षापुरतेच चालते. इथे अनेकांचा घोळ होतो तो असा, की राज्याच्या नमुन्यातला ओबीसी दाखला घेऊन मंडळी बँकेला, टपाल खात्याला किंवा कोकण रेल्वेला अर्ज करतात. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि ती जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. याउलट १५ वर्षांचा रहिवासी दाखला ही राज्य सरकारची अट आहे. केंद्राच्या पदांना ती लागू नाही.

भाषेविषयी जाहिरातीत ‘कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट’ असे असते. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा ठरली आणि सरकारी कामकाजासाठी मराठीच्या वापरालाही मुभा राहिली, हा त्याचा आधार आहे. आपल्या धाग्यांवर त्यावरून अनेकदा वाद झडले आहेत, ते इथे नकोत. अर्जदाराच्या दृष्टीने मुद्दा इतकाच की ‘आवश्यक’ म्हणजे खरोखर आवश्यक, आणि ‘इष्ट’ म्हणजे असल्यास बरे.

म्हादईकाठी

कचेरीकर, मनःपूर्वक आभार. तिचा निकाल लागला आहे, पण पदवी प्रमाणपत्र पदवीदान समारंभानंतरच मिळणार. तोवर ती ‘पदवीधर’ म्हणून अर्ज करू शकते का?

कचेरीकर

करू शकते. पात्रता पाहिली जाते ती जाहिरातीत दिलेल्या शेवटच्या तारखेला, आणि निकाल त्या तारखेआधी लागलेला असला पाहिजे. सहाव्या सत्राची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र यांवर काम भागते. मात्र सहाही सत्रांच्या गुणपत्रिका जपून ठेवाव्यात. केवळ शेवटची असून भागत नाही. मधल्या एखाद्या सत्रात विषय राहून नंतर सुटला असेल, तर त्या दुसऱ्या प्रयत्नाची गुणपत्रिकाही लागते, आणि नेमकी तीच घरात सापडत नाही.

वेर्ण्याची वाट

मी एका कंपनीच्या एचआर विभागात काम करते. खाजगी नोकरीच्या कागदांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण या बाबतीत आमच्याकडे येणाऱ्या अर्जांवरून बरेच गैरसमज दिसतात.

पहिली गोष्ट, अर्जाच्या वेळी कंपनीला तुमचा एकही दाखला नको असतो. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार यांची पंचवीस पानांची पीडीएफ जेव्हा ईमेलला जोडून येते, तेव्हा ती उघडून बघायला कुणाला वेळ नसतो. त्या टप्प्यावर हवा असतो तो रेझ्युमे. नव्या पदवीधराचा एका पानाचा, अनुभवी माणसाचा फार तर दोन पानांचा. शिक्षण, केलेली कामे, येणारी कौशल्ये आणि संपर्क एवढेच त्यात असावे. ज्याला आपण बायोडाटा म्हणतो त्यात जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची असे सगळे असते. ती माहिती लग्नाच्या स्थळाला किंवा काही सरकारी विहित नमुन्यांना लागत असेल, लेखा विभागातल्या पदाला लागत नाही. सी.व्ही. हा शब्द आपल्याकडे रेझ्युमेच्या जागी सर्रास वापरला जातो आणि कंपन्याही तसाच वापरतात, म्हणून जाहिरातीत सी.व्ही. मागितला तर घाबरून जाऊ नये. प्राध्यापकाच्या किंवा संशोधकाच्या जागेसाठी मात्र सी.व्ही. म्हणजे खरोखर लांबलचक कागद असतो. त्यात शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय, नेट-सेट यांची नोंद क्रमाने द्यावी लागते, आणि तिथे पाने वाचवण्याचा हव्यास नडतो.

लेखा विभागासाठी अर्ज असेल तर ‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी’ या विशेषणांऐवजी टॅली येते का, जीएसटीची विवरणे भरण्याचा सराव आहे का, एक्सेलमध्ये नेमके काय काय करता येते, हे लिहावे. सुट्टीत एखाद्या सनदी लेखापालाकडे व्हाउचर चढवण्याचे काम केले असेल, तर ते बिनपगारी असले तरी नोंदवावे. आम्ही ती ओळ आधी वाचतो. दोन रकान्यांचे, चौकटी आणि रंगीत पट्ट्या असलेले तयार नमुने दिसायला देखणे असतात, पण मोठ्या कंपन्यांकडे अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते आणि रकान्यांत तिचा गोंधळ होतो. साधा, एकाच रकान्याचा कागद सर्वांत सुरक्षित.

आधार क्रमांक रेझ्युमेवर लिहू नये. पुढे ओळखीचा पुरावा मागितला गेलाच, तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करता येते, ते द्यावे.

सोबतचे पत्र, म्हणजे कव्हर लेटर, आता बहुधा ईमेलच्या मजकुरातच येते. कोणत्या पदासाठी अर्ज आहे, आपण त्या पदाला का योग्य आहोत आणि कधीपासून रुजू होऊ शकतो, हे दहा-बारा ओळींत सांगावे. रेझ्युमेतलेच पुन्हा उतरवून काढलेले पत्र वाचले जात नाही. ‘रिस्पेक्टेड सर’ ने सुरुवात करणाऱ्यांनी वाचणारी बाई असू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

निवड झाल्यावर येते ते ऑफर लेटर. ते सशर्त असते. पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी नीट झाल्यास अमुक पगारावर घेऊ, असे त्यात लिहिलेले असते. त्यानंतर मिळते ते नियुक्तिपत्र, आणि खरे महत्त्व त्याचेच. पद, पगाराची फोड, परिवीक्षा काळ, नोटिशीचा कालावधी हे सगळे त्यात असते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ हे उत्तर आता कुणी ऐकून घेऊ नये. पगाराची फोड वाचताना सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर जाऊ नये. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा आणि ग्रॅच्युइटी त्यात धरलेली असते, आणि हातात येणारी रक्कम बरीच कमी असते.

शेवंती

वेर्ण्याची वाट यांना एक विचारायचे आहे. मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात तीन हंगाम स्वागतकक्षात काम केले. सोडताना रिलीव्हिंग लेटर मागितले, तर ‘पुढच्या हंगामात ये, मग बघू’ असे उत्तर मिळाले. आता दुसरीकडे अनुभवाचा पुरावा मागतात. नुसते अनुभव प्रमाणपत्र आणि रिलीव्हिंग लेटर हे एकच का? आणि दोन्ही नसतील तर काय करावे?

वेर्ण्याची वाट

शेवंती, ते दोन वेगळे कागद आहेत, जरी पुष्कळदा एकाच पानावर दिले जात असले तरी. तुम्ही कोणत्या पदावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले ते अनुभव प्रमाणपत्र सांगते. तुमचा राजीनामा स्वीकारला गेला, तुमच्याकडे कंपनीचे काही येणे नाही आणि तुम्हाला मोकळे केले आहे, हे रिलीव्हिंग लेटर सांगते. नव्या मालकाला दुसऱ्याची काळजी जास्त असते.

दोन्ही नसतील तर हात टेकू नका. हॉटेलने तुमचा भविष्यनिर्वाह निधी कापला असेल, तर तुम्हाला १२ अंकी यूएएन, म्हणजे निधीसाठीचा तुमचा कायमचा क्रमांक, मिळालेला असणार. ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या) संकेतस्थळावर ‘सर्व्हिस हिस्टरी’मध्ये आस्थापनेचे नाव व रुजू होण्याची तारीख दिसते आणि पासबुकात महिन्यामहिन्याची वर्गणी दिसते. हा पुरावा कुणाच्या सहीवर अवलंबून नाही. सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते. ती जरूर भरा, कारण जुन्या नोकरीची तारीख उघडी राहिली तर पडताळणीत दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्यासारखे दिसते. आम्ही पडताळणी करताना रेझ्युमेवरच्या तारखा याच नोंदीशी ताडून पाहतो, तेव्हा मधले रिकामे महिने झाकण्यासाठी तारखा ताणण्यात अर्थ नसतो. गोव्यात ऑक्टोबर ते मे असा हंगाम असतो हे इथल्या प्रत्येक एचआरला माहीत आहे; रेझ्युमेवर ‘हंगामी’ असे सरळ लिहिले तर कुणाची हरकत नसते.

निधी कापलाच नसेल, तर पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेले बँकेचे विवरण, पगारपत्रके, हॉटेलचे ओळखपत्र आणि कामाच्या पाळ्यांचे ईमेल हे एकत्र ठेवा. आयकर कापला गेला असल्यास फॉर्म १६ आणि आयकर खात्याच्या २६एएस विवरणातही मालकाचे नाव येते.

शेवंती

निधी कापला जात होता. आजच पाहते. आभारी आहे.

बोटीवरचा

म्हादईकाठी, तुमच्या पुतण्यासाठी लिहितो. तारवटीच्या, म्हणजे जहाजावरच्या, नोकरीत कागदांची उतरंड वेगळी असते. तिथे पदवीपेक्षा आधी बघतात तो पासपोर्ट आणि सीडीसी.

सीडीसी म्हणजे खलाशाची पुस्तिका. ती जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत मिळते आणि तिच्यासाठी इंडोस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक), मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण व मान्यताप्राप्त डॉक्टरचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसारच्या मूलभूत प्रशिक्षणात चार भाग असतात: समुद्रात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, आणि वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी. जहाजावरील सुरक्षाकर्तव्यांचा एक लहान अभ्यासक्रम त्याला जोडून करतात, आणि प्रवासी जहाजासाठी गर्दी हाताळण्याचे प्रशिक्षण वेगळे. स्वयंपाकघरात जाणाऱ्यालाही हे सगळे लागते. आचारी आहे म्हणून आग त्याला सोडत नाही.

या पुस्तिकेची खरी किंमत पुढे कळते. प्रत्येक करारानंतर तिच्यात जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि कप्तानाची सही-शिक्का अशी एक आडवी ओळ भरली जाते. पुढची कंपनी रेझ्युमे बाजूला ठेवून ती पाने उलटते. त्यामुळे उतरताना घाई असली तरी ती ओळ भरली गेली आहे का, तारीख बरोबर आहे का, शिक्का नीट उमटला आहे का, हे जिन्यावर पाय ठेवण्यापूर्वी बघावे. नंतर ते जहाज जगाच्या दुसऱ्या टोकाला असते. अमेरिकेच्या बंदरांतून फिरणाऱ्या जहाजासाठी सी१/डी हा खलाशांसाठीचा व्हिसा लागतो. पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड मार्गाप्रमाणे लागते आणि आता ते आजन्म चालते.

आणि एक महत्त्वाचे. भरती करणाऱ्या संस्थेकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असलाच पाहिजे. तो क्रमांक त्यांच्याकडून मागून घेऊन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास नियमांनी मनाई आहे. ‘प्रोसेसिंग’चे पैसे रोख मागणारा कितीही गोड बोलला, आणि तो वाड्यावरचाच ओळखीचा असला, तरी उठून यावे. पासपोर्ट आणि सीडीसी व्हिसासाठी द्यावी लागली तर तारीख घातलेली पोच घ्यावी.

दुबईकर म्हापसेकार

आखातात जाणाऱ्यांसाठी थोडी भर. पदवी प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. भारत २००५ पासून हेग अपॉस्टिल करारात आहे (अपॉस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारे साक्षांकन), त्यामुळे पोर्तुगालसारख्या करारातल्या देशासाठी अपॉस्टिल पुरते. करारात नसलेल्या देशासाठी त्याच्या दूतावासाचा शिक्का आणखी घ्यावा लागतो. पोर्तुगालला अर्ज करणारी आपली मुले युरोपास हा युरोपीय संघाचा ठरावीक नमुना भरतात, तो तिथे सर्वांच्या ओळखीचा आहे. अमेरिकी कंपनीसाठीच्या रेझ्युमेवर मात्र छायाचित्र आणि वय घालू नये.

म्हादईकाठी

सर्वांनी अत्यंत उपयुक्त माहिती दिली. पुतण्याला हा धागा वाचायला दिला आहे. आता तेवढे आडनावाचे राहिले. आधारवर दहावीप्रमाणेच ‘के’ आहे, आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे.

कचेरीकर

जन्मतारीख जुळते, हे तुमचे भाग्य समजा. आधारवर जन्मतारीख आहे म्हणून ती सिद्ध झाली असे पुष्कळांना वाटते, पण ईपीएफओने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही वयासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतरचा आहे, त्यांच्यासाठी कायद्याने जन्मदाखल्यालाच मुख्य स्थान दिले आहे. तुमच्या पुतणीच्या पिढीला दहावीचे प्रमाणपत्र आणि जन्मदाखला दोन्ही जवळ ठेवावे लागतात.

आडनावाच्या बाबतीत आपल्या राज्यातली गोष्ट अशी आहे, की पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीत जे वळण लिहिले गेले तेच वडिलांच्या, मग मुलांच्या दाखल्यात उतरत आले, आणि शाळेत नाव घालताना मास्तरांनी आपल्या पद्धतीने लिहिले. हा फरक अर्ज फेटाळण्याजोगा नाही. मात्र पडताळणीच्या टेबलावर बसलेला कारकून तो दाखवून देईलच. दोन्ही लेखने एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवले तर बहुतेक ठिकाणी भागते. कायमचा इलाज हवा असेल तर जन्मनोंद ज्या निबंधकाकडे आहे तिथे १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली लेखनदुरुस्तीचा अर्ज करावा. पूर्ण नाव किंवा आडनावच बदलायचे असेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी गोव्याचा १९९०चा नाव व आडनाव बदल कायदा आहे. तुम्हाला त्या वाटेला जायचे कारण नाही. लेखनदुरुस्ती करायचीच तर वडिलांच्या नोंदीपासून सुरुवात करा, नाहीतर मुलीचे ‘के’ होईल आणि वडिलांचे ‘क्यू-यू-ई’ राहील.

शेवंती

लग्न झालेल्यांचेही हेच असते. माझी पदवी माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचे. नागरी नोंदणी कार्यालयात आपल्याकडे विवाहनोंद करावीच लागते, त्यामुळे त्या दाखल्याची प्रत मिळणे सोपे आहे. मी ती प्रत्येक अर्जाला दोन नावांमधला दुवा म्हणून जोडते आणि अजून कुणी वेगळे प्रतिज्ञापत्र मागितलेले नाही.

म्हादईकाठी

शेवटचा प्रश्न. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते का?

कचेरीकर

जाहिरातीत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच. केंद्राने स्वसाक्षांकन मान्य केल्यापासून बहुतेक ठिकाणी अर्जदाराची स्वतःची सही चालते. प्रत्येक पानावर ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असे लिहून सही, नाव आणि तारीख घालावी. सही मजकुराला किंचित स्पर्श करील अशी करावी, म्हणजे ते पान दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. डिजिलॉकरमधून घेतलेला कागद नियमाने मूळ प्रतीच्या बरोबरीचा आहे, तरीही पडताळणीच्या दिवशी मूळ कागद सोबत न्यावेत. जाहिरातीत ज्या क्रमाने कागद मागितले असतील त्याच क्रमाने फाइल लावली, तर पुतणीचे टेबलावरचे काम पाच मिनिटांत उरकेल. मूळ कागद तिथे कुणी ठेवून घेऊ लागला तर त्याला लेखी पावती मागायची.